नुसते रंग

मायक्रोस्कोपच्या खोलीत अंधार ठेवावा लागतो, आणि त्या अंधारात मी मोठ्यांदा एक शिवी हासडली. गडहिंग्लजच्या गुरांच्या बाजारात देतात तसली. आईनं ऐकली असती तर तोंडात मारली असती. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. समोरच्या पडद्यावर पेशी चमकत होत्या, पिवळ्याधमक, आणि त्यांनी चमकायला नको होतं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात एका संशोधन संस्थेत चिंदरकर सरांकडे पीएचडी करत होते. पाचवं वर्ष लागलं होतं, फेलोशिप संपत आली होती, आणि सरांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं की दिवाळीपर्यंत काही निकाल दाखव, नाहीतर एम.फिल. घे आणि घरी जा. घरी जाऊन काय सांगणार होते मी? घरी सगळ्यांना वाटत होतं की शैला कॅन्सरवर औषध शोधतेय.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. पेशीच्या बाहेरच्या पडद्यात रिसेप्टर नावाचे रेणू रोवलेले असतात, अर्धे बाहेर, अर्धे आत. बाहेरून हार्मोन आला की त्याला धरायचं आणि आत निरोप पोचवायचा, हे त्यांचं काम. पण एकट्या रिसेप्टरला ते जमत नाही. हार्मोन हाताशी आला तरी तो नुसता बसून राहतो. शेजारी दुसरा यावा लागतो, दोघांची जोडी जमावी लागते, मग हा त्याचं आतलं शेपूट चेतवतो आणि तो ह्याचं. आपल्या पाठीला आपल्याला साबण लावता येत नाही ना, तसंच. जोडी जमली की निरोप आत जातो आणि पेशी वाढायला लागते. नको तेव्हा जमली तर नको तेव्हा वाढते, आणि काही कर्करोगांची सुरुवात अशीच होते.

आता भांडण कशाचं होतं, तर जोडी जमते कधी याचं. आमच्या रिसेप्टरबद्दल सगळे म्हणत होते, हार्मोन आल्यावर. आमचे सर म्हणत होते, छे, जोड्या आधीपासून जमलेल्याच असतात, हार्मोन फक्त त्यांना जागं करतो. या एका वाक्यावर सरांचं नाव झालं होतं. परदेशातून आमंत्रणं येत होती. आणि त्या वाक्याचा पुरावा सुलूनं काढला होता.

सुलू म्हणजे सुलक्षणा चौधरी, फैजपूरची. माझ्याहून एक वर्ष पुढे. हॉस्टेलला आम्ही एका खोलीत राहायचो. तिच्याकडून कुणी आलं की वांग्याच्या भरिताचा डबा यायचा, आणि तिची आई झाकणावर माझं नाव वेगळं लिहून पाठवायची. लॅबमध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. तिचे हात फार सुरेख चालायचे, हे मी आजही म्हणेन.

तिचा प्रयोग असा होता. काही रिसेप्टरांच्या शेपटाला निळा चमकणारा रंग जोडायचा, काहींना पिवळा. मग प्रकाश असा टाकायचा की फक्त निळाच पेटला पाहिजे. पिवळा अगदी चिकटून बसलेला असेल तर निळ्याचा उजेड तो घेतो आणि स्वतः चमकतो. लांब असेल तर नाही. हार्मोनचा थेंबही न घालता सुलूच्या पेशी पिवळ्या चमकल्या. म्हणजे जोड्या आधीच जमलेल्या. सरांनी पेढे वाटले होते.

आणि माझ्या वाट्याला काय आलं? त्या जोड्या तोडायच्या. जोडी तोडणारं द्रव्य सापडलं तर उद्या त्याचं औषध होईल, अशी आखणी. दोन वर्षं मी त्या जोड्यांवर नाही नाही ते ओतलं. पेशी मेल्या, जोड्या काही सुटेनात. दर सोमवारी लॅबची बैठक असायची, आणि दर सोमवारी मी उभी राहून सांगायची की याही आठवड्यात काही झालं नाही.

एकदा सर हसत हसत म्हणाले, "सुलक्षणाच्या हाताला लागलेल्या जोड्या तुझ्या हातून सुटत नाहीत. मग दोष जोड्यांचा, का हातांचा?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं, कारण दुसरं काय करणार होते! पण ते वाक्य पुढे लॅबमध्ये रूढच झालं. कुणाच्या हातून काचेची बाटली फुटली तरी म्हणायचे, मगदूमचे हात लागले वाटतं. मगदूम म्हणजे मी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुलू तेवढी हसायची नाही. मान खाली घालून वहीत काहीबाही लिहीत बसायची, आणि मला वाटायचं, बघा, खरी मैत्रीण.

तर त्या दिवशी मी जे केलं ते निव्वळ रागाच्या भरात केलं होतं. जोड्या कशानंच सुटत नाहीत ना, मग मी रिसेप्टरच काढून टाकले. निळा आणि पिवळा, नुसते रंग, पेशीच्या पडद्याला थेट अडकवले. मध्ये रिसेप्टर नाही, काही नाही. आता जोडी जमायला कुणी नाहीच म्हटल्यावर पिवळा उजेड यायला नको.

आणि तो आला. तेवढाच, तसाच, सुलूच्या पेशींसारखा झगझगीत. जोडी रिसेप्टरांची नव्हतीच. ते रंगच मुळात एकमेकांना चिकटत होते. म्हणून मी शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी ताज्या पेशी घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. ग्रंथालयात जाऊन शोधलं तर एका नव्या शोधनिबंधात चक्क लिहिलेलं सापडलं की हे रंग गर्दीत ठेवले की आपसात चिकटतात, आणि रंगातला एक घटक बदलला की चिकटेपणा जातो. दोन वर्षं मी अस्तित्वातच नसलेल्या जोड्या तोडत होते, आणि त्या तुटत नाहीत म्हणून शिव्या खात होते.

चित्रं घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. वाटलं होतं, हादरतील. निदान चष्मा तरी काढतील. त्यांनी चित्रांकडे एकदा बघितलं आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं. मग अगदी शांतपणे म्हणाले की शुक्रवारी सुलक्षणाची व्हायवा आहे, तिला जर्मनीतली जागा कबूल झालीय, तिच्या घरची मंडळी येतायत, तेव्हा हे या खोलीबाहेर जायला नको. मी विचारलं, शुक्रवारनंतर काय? नंतर तुझा विषय बदलून देऊ, म्हणाले. आणि माझी दोन वर्षं? त्यावर ते जरा वैतागले. संशोधनात वर्षं जातातच, म्हणाले. शिवाय हे चित्र तुझ्या हातचं आहे, ते बरोबर कशावरून?

मी निघताना त्यांनी हाक मारली. "आणि शैलजा, व्हायवात शेवटी एक प्रश्न तू विचारायचास. पुढे या कामातून काय करता येईल, एवढंच. सुलक्षणानं उत्तर तयार ठेवलंय."

हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. पीएचडीची शेवटची व्हायवा उघड्या सभागृहात होते, कुणीही यावं, कुणीही विचारावं. पण आपल्या लॅबचा माणूस खरा प्रश्न विचारत नाही, ही रीत. आधी ठरवून एखादा गुळगुळीत प्रश्न विचारतात, उमेदवार पाठ केलेलं सांगतो, मग टाळ्या आणि समोसे. समोसे लॅबच्या पोरांनी सांगायचे असतात. त्या वेळी ते काम माझ्याकडे होतं, आणि मी ऑर्डर देऊनही आले होते.

त्या संध्याकाळी सुलू खोलीत आईच्या जांभळ्या साडीला इस्त्री करत होती. मी पलंगावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. नुसते रंगच चमकतात, रिसेप्टर नसले तरी. तिनं इस्त्री थांबवली नाही. काठावरून परत परत फिरवत राहिली.

"कुणाला सांगितलंस?" एवढंच तिनं विचारलं.

सरांना, म्हटलं. मग ती बोलू लागली ते भलतंच. बाबांनी गाडी ठरवलीय, दोन्ही काका येतायत, चौधऱ्यांच्या घरात मुलींमध्ये ती पहिली डॉक्टर, आईनं तर गावात सगळीकडे सांगून ठेवलंय. मी म्हटलं, सुलू, हे सगळं खरं गं, पण प्रयोगाचं काय? ती म्हणाली, शुक्रवार होऊ दे ना शैला. आणि साडीची घडी घालून आंघोळीला निघून गेली.

मला तिचा संताप आला आणि कीवही आली. मी तिचं चार वर्षांचं काम मोडीत काढणारं चित्र घेऊन आले होते, आणि तिनं ते बघायलासुद्धा मागितलं नाही. घाबरली असेल, असं मी मनाला समजावलं. तरी डोकं भणभणत राहिलं.

शुक्रवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत चौधरी मंडळी, पुरुष टोप्या घालून, तिची आई डोक्यावर पदर घेऊन. मला बघितल्यावर त्यांनी लांबूनच हात केला, भरीत आणलंय अशी खूण केली. परीक्षक म्हणून नागपूरहून बोकारे सर आले होते, सत्तरीच्या आसपासचे, कानाला यंत्र लावलेले. सुलू बोलली ती झकास बोलली. एकेक स्लाइड, एकेक पिवळी पेशी. शेवटी 'धन्यवाद' अशी मोठ्या अक्षरांतली स्लाइड आली आणि टाळ्या पडल्या.

बोकारे सरांनी दोन-चार प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मग चिंदरकर सर उठले. सुलूचं कौतुक करताना म्हणाले की आमच्याकडे मुलं पुष्कळ येतात, पण हाताला यश फार थोड्यांच्या असतं. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुद्दाम बघितलं. आणि गोड आवाजात म्हणाले, शैलजाला काहीतरी विचारायचं होतं वाटतं.

मी उभी राहिले. खरं सांगते, तोवर मी काही ठरवलं नव्हतं. ठरलेला प्रश्न जिभेवर होता. पण हातांचं ते ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. व्हायवा सगळी इंग्रजीत चालली होती. मला संतापात इंग्रजी येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

"सुलक्षणा," मी मराठीत विचारलं, "रिसेप्टर काढून टाकून नुसते रंग पेशीत घातले तर काय दिसतं? तो प्रयोग केला होतास का?"

मराठी ऐकल्याबरोबर पहिली रांग मागे वळली. तिच्या आईला इतका वेळ एक शब्द कळला नव्हता, हा प्रश्न मात्र कानावर पडला. चिंदरकर सर ताडकन म्हणाले की हा प्रश्न प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा आहे, उमेदवारानं उत्तर द्यायची गरज नाही. सुलूनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

बोकारे सरांनी कानातलं यंत्र नीट केलं. "प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले. "किंबहुना तो मी विचारायला हवा होता. उत्तर द्या, बेटा."

आता ही खोटं बोलणार, असं मला वाटलं. केला नाही म्हणेल, पुढे करू म्हणेल, आणि सुटेल. मी मनातल्या मनात तिला घाण घाण बोलून घेतलं.

सुलूनं लॅपटॉपचं बटण दाबलं. 'धन्यवाद'ची स्लाइड गेली आणि तिच्यामागून आणखी एक आली. व्हायवाला जाणारे शहाणे लोक 'धन्यवाद'च्या मागे काही स्लाइडा दडवून ठेवतात, कुणी अडचणीचं विचारलंच तर दाखवायला. त्या स्लाइडवर पेशी होत्या, पिवळ्याधमक. खाली तिच्या सुबक पद्धतीनं लिहिलेलं होतं, फक्त रंग, रिसेप्टर नाही.

"हो. केला होता," ती मराठीतच म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. "मागच्या वर्षी, होळीच्या सुमारास. रिसेप्टर नसले तरी चमकतात. रंगच एकमेकांना चिकटतात. मी सरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, प्रबंधात घालू नकोस."

चिंदरकर सरांनी समोरचे कागद गोळा केले, एकदा ठोकून सारखे केले, आणि बाजूच्या दारानं निघून गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काही न बोलता जाताना पाहिलं.

मी जिंकले होते, नाही का? माझे हात चांगले होते हे शंभर माणसांसमोर सिद्ध झालं होतं. पण मला आनंद झाला नाही. मला फक्त होळी दिसत होती. होळीपासूनचे सगळे सोमवार दिसत होते. मी उभी राहून बोलणी खातेय, आणि शेजारच्या खुर्चीत सुलू मान खाली घालून लिहितेय. ती हसत नव्हती ती मैत्रीण होती म्हणून नाही, तिला माहीत होतं म्हणून. ज्या जोड्या मी तोडत होते त्या नाहीतच, हे तिला माहीत होतं, आणि ती माझ्याबरोबर एका ताटात भरीत खात होती.

बोकारे सरांनी सुलूला आत बोलावून निकाल सांगितला. आज पदवी नाही. न चिकटणारे रंग वापरून सगळं पुन्हा करायचं, मग यायचं. चिंदरकरांकडे नाही, दुसरा गाइड मिळेल असं ते स्वतः संचालकांशी बोलून ठरवतील. जर्मनीची जागा तिची वाट बघत थांबणार नव्हती, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

बाहेर समोश्यांचे ट्रे तसेच पडून होते. सुलूची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या हातात डबा होता, झाकणावर माझं नाव.

"तू तिची मैत्रीण ना वं पोरी?" त्यांनी विचारलं. "मग असं भर सभेत का विचारलं?"

काय सांगू, तुमच्या मुलीनं मला दीड वर्ष फसवलं म्हणून सांगू? त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि पदर सावरत गाडीकडे गेल्या. मी तो डबा घेऊन सुलूला शोधायला निघाले.

ती लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती, जांभळी साडी धुळीत, हातात कागदावर घेतलेला समोसा. खात होती. मला ते बघून आणखी चीड आली. मी डबा तिच्या शेजारी आपटला.

"दीड वर्ष," मी म्हटलं. "दीड वर्ष तो माणूस मला नालायक म्हणत होता, आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस. कशी गं झोप लागायची तुला माझ्या शेजारच्या पलंगावर?"

लागायची नाही, असं काहीतरी ती पुटपुटली. मी म्हटलं, मोठ्यानं बोल, मघाशी बोललीस तसं. मग तिनं वर बघितलं. डोळे सुजले होते.

"ती स्लाइड मी किती वेळा घातली आणि किती वेळा काढली, तुला काय सांगू," ती म्हणाली. "आज सकाळीसुद्धा काढली होती. गाडीतून आई उतरताना दिसली आणि पुन्हा घातली. वाटायचं, कुणी विचारलं तर सांगेन. एकानं जरी विचारलं तरी सांगेन. आपणहून नसतं झालं गं माझ्याच्यानं. एकटीनं नसतं झालं."

"एकटी?" माझा आवाज चढला. "मी शेजारीच होते ना. हातभर अंतरावर होते मी."

ती समोश्याचा चुरा बोटांनी गोळा करत राहिली. आतून कुणीतरी खुर्च्या उचलत असल्याचा आवाज येत होता. मी तिथून निघून जायला पाहिजे होतं, आणि माझे पाय निघतही होते. पण त्या मूर्ख पिवळ्या पेशी डोळ्यांपुढून जात नव्हत्या. रंगातला एक घटक बदलायचा, मग खरं काय ते दिसेल, आणि तिच्याइतके सुरेख हात त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचे नव्हते.

"तुझा राग जाईल का कधी?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "सोमवारी सकाळी लॅबमध्ये ये. न चिकटणारे रंग बनवायचेत. निळा तू कर, पिवळा मी करते. आणि उशीर केलास तर बघ."

तिनं मान हलवली आणि डब्याकडे हात नेला. मी तो हात झटकला.

"आधी हात धू," म्हटलं. "तेलकट झालेत."